लिनक्सवर कॅमेरा जोडायचा तर: जीफोटो२, केबल आणि कार्ड-रीडरची पारख

लिनक्सच्या संगणकाला डिजिटल कॅमेरा जोडला आणि पडद्यावर काहीच हललं नाही, की खापर लिनक्सवर फुटतं. 'याला ड्रायव्हरच नाही' म्हणत लोक कुणाचा तरी विंडोजवाला लॅपटॉप शोधायला लागतात. खरं तर आजच्या डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांना लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. लागते ती जीफोटो२ची लायब्ररी, आणि ती बहुतेक डेस्कटॉप डिस्ट्रोंमध्ये (उबुंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या प्रकारांमध्ये) आधीपासून बसलेली असते. घोडं अडतं ते भलतीकडेच: केबलमध्ये, कॅमेऱ्याच्या मेनूत, नाहीतर आपल्याआधी कॅमेरा धरून बसलेल्या दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममध्ये. म्हणून ही पारख एकट्या सॉफ्टवेअरची नाही. जीफोटो२, त्याला लागणारी केबल आणि केबलऐवजी घेतला जाणारा कार्ड-रीडर, या तिघांची आहे.

मत आधीच सांगतो. कॅमेरा संगणकावरून चालवायचा असेल, म्हणजे शटर, आयएसओ, ॲपर्चर टेबलावर बसून हाताळायचं असेल, तर लिनक्सवर जीफोटो२ला तोड नाही. नुसते फोटो उतरवायचे असतील, तर केबलच्या नादी न लागता चांगला यूएसबी ३ कार्ड-रीडर घ्यावा. आणि दोन्हींपैकी काहीही बिघडलं तरी सगळं पुन्हा इन्स्टॉल करत बसू नये. कोणत्या पायरीवर अडलंय ते आधी पाहावं. ती पायरी पाच मिनिटांत कळते.

(इथे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाकायच्या.)

जीफोटो२ काय देतं

यात दोन गोष्टी आहेत. 'लिबजीफोटो२' ही लायब्ररी कॅमेऱ्याशी प्रत्यक्ष बोलते, आणि 'जीफोटो२' हा टर्मिनलमधून चालणारा प्रोग्राम ती लायब्ररी वापरतो. डिजिकॅम, शॉटवेल, डार्कटेबल, एंटँगल, रॅपिड फोटो डाउनलोडर, ग्नोमचा फाइल मॅनेजर, केडीईमधली कॅमेऱ्याची सोय, हे सगळे आतून त्याच लायब्ररीवर उभे आहेत. त्यामुळे शॉटवेलमध्ये कॅमेरा दिसत नाही म्हणून डिजिकॅम टाकून पाहण्यात फारसा अर्थ नसतो. खालची लायब्ररी एकच असेल तर दोन्हीकडे तोच प्रश्न येणार.

सगळं मोफत आणि मुक्त आहे. उबुंटू किंवा डेबियनवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल जीफोटो२', फेडोरावर 'डीएनएफ', आर्चवर 'पॅकमन'. एवढ्यात काम होतं. यादीत अडीच हजारांहून जास्त कॅमेरे आहेत. आपला कॅमेरा यादीत नसला तरी लगेच निराश होऊ नये. पीटीपी, म्हणजे पिक्चर ट्रान्सफर प्रोटोकॉल, हे आयएसओ १५७४० या क्रमांकाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि जवळपास सगळे कॅमेरे ते पाळतात. यादीत नाव नसलेला कॅमेरा 'यूएसबी पीटीपी क्लास कॅमेरा' या सर्वसाधारण नावाने दिसतो आणि फोटो उतरवण्यापुरतं सहसा निभावतं. अडतात त्या त्या कंपनीच्या खास गोष्टी, म्हणजे थेट दृश्य किंवा सेटिंग बदलणं. त्यासाठी लायब्ररीची नवी आवृत्ती लागते. दीर्घकाळ आधाराच्या डिस्ट्रोंमध्ये लायब्ररी दोन-तीन वर्षं मागे असू शकते, म्हणून नुकताच घेतलेला कॅमेरा अर्धवट चालत असेल तर 'जीफोटो२ --व्हर्जन' टाकून आधी आवृत्ती पाहावी.

या प्रोग्रामची एक खोडही नोंदवायला हवी. चूक झाली की तो तसा संदेश प्रामाणिकपणे देतो, पण इंग्रजीत आणि आकड्यांत. हे आकडे ओळखीचे झाले की निम्मं काम होतं. उणे ५२ म्हणजे यूएसबीवर कॅमेरा सापडलाच नाही. उणे ५३ म्हणजे सापडला, पण दुसऱ्याने धरून ठेवलाय. उणे १०५ म्हणजे मॉडेल ओळखता आलं नाही, आणि उणे १० म्हणजे कॅमेऱ्याने वेळेत उत्तर दिलं नाही.

आधी केबल

कॅमेरा चालू करा, जोडा आणि 'एलएसयूएसबी' ही कमांड द्या. यादीत कॅमेऱ्याच्या कंपनीचा क्रमांक दिसला पाहिजे: कॅननचा ०४ए९, निकॉनचा ०४बी०, सोनीचा ०५४सी, फुजीफिल्मचा ०४सीबी, पॅनासॉनिकचा ०४डीए. तो दिसला तर केबल आणि पोर्ट ठीक आहेत, पुढच्या भागाकडे जा. दिसला नाही तर जीफोटो२ला हातही लावू नका, कारण संगणकापर्यंत कॅमेरा पोहोचलेलाच नाही.

अशा वेळी एका खिडकीत 'सुडो डीमेसेज -डब्ल्यू' चालू ठेवून केबल काढून पुन्हा लावा. एकही नवी ओळ उमटली नाही, तर बहुधा केबल फक्त चार्जिंगची आहे. तिच्यात वीज वाहणाऱ्या दोनच तारा असतात, डेटाच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. कॅमेरा चार्ज होतो, दिवा लागतो, म्हणून केबलवर कुणाला संशय येत नाही. पॉवर बँक, ट्रिमर, ब्लूटूथ स्पीकर यांच्यासोबत आलेल्या केबलींत हा प्रकार सर्रास सापडतो.

ओळी उमटल्या, पण त्यात 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड' आणि पुढे उणे ७१ किंवा उणे ११० असं आलं, तर तारा आहेत पण सिग्नल नीट पोहोचत नाही. उणे ७१ म्हणजे आलेला सिग्नल गडबडलेला, उणे ११० म्हणजे उत्तराची वाट पाहून वेळ संपली. (हा उणे ११० कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा आहे, जीफोटो२ही हाच आकडा देतो, पण तिथे त्याचा अर्थ कॅमेरा व्यस्त आहे असा होतो.) उपाय या क्रमाने करावा: हब काढून थेट संगणकाला जोडा, पुढचं पोर्ट सोडून मागचं वापरा, मग केबल बदला. पुढच्या पोर्टबद्दल मुद्दाम सांगतो, कारण मुंबईत असेंबल करून घेतलेल्या डेस्कटॉपमध्ये कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टपासून मदरबोर्डपर्यंत एक आतली केबल जाते. स्वस्त कॅबिनेटमध्ये ती बारीक आणि आवरण नसलेली असते. माउस तिच्यावर वर्षानुवर्षं चालतो, कॅमेरा मात्र अडखळतो. मागची पोर्टं थेट मदरबोर्डवर असतात.

लांबीचाही हिशेब आहे. यूएसबी २ची साधी केबल ५ मीटरपर्यंत चालते, त्यापुढे मध्ये सिग्नल वाढवणारी ॲक्टिव्ह केबल लागते. यूएसबी ३ला ३ मीटरच्या आत राहिलेलं बरं. स्टुडिओत १० मीटर अंतर ठेवायचं म्हणून दोन एक्स्टेन्शन एकाला एक जोडली, तर शूटच्या मध्येच कॅमेरा गायब होणार हे धरून चाला.

केबल घ्यायला ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, किंवा सीएसएमटीजवळचा फोर्टातला बोरा बाझार, हे दोन पर्याय आहेत. साधी यूएसबी-सी, मायक्रो किंवा मिनी केबल हवी असेल तर लॅमिंग्टन रोड. कॅमेऱ्याची खास पिन असेल तर बोरा बाझार, कारण तिथल्या कॅमेऱ्याच्या दुकानदाराला मॉडेल सांगितलं की नेमकी वस्तू समोर येते. कॅनन १५००डीला पाच पिनांची मिनी-बी लागते. निकॉनच्या कितीतरी कूलपिक्स आणि डीएसएलआर मॉडेलना यूसी-ई६ ही आठ पिनांची खास केबल लागते. ती मिनी-बीसारखीच दिसते, पण जबरदस्तीने मिनी-बी घातली तर कॅमेऱ्याची खाच कायमची बिघडते. निकॉन डी८५० किंवा कॅनन ५डी मार्क ४ला यूएसबी ३ची रुंद, दोन भागांची मायक्रो-बी लागते.

दुकानात कॅमेरा आणि लॅपटॉप दोन्ही घेऊन जावं. 'डेटा केबल आहे ना?' या प्रश्नाला उत्तर नेहमी 'हो'च येतं, त्यामुळे काउंटरवरच 'एलएसयूएसबी' करून पाहावं. मग पिन खाचेत असताना केबल हलकेच डावी-उजवीकडे हलवावी आणि कॅमेरा यादीत टिकतो का ते बघावं. टोकाशी सैल बसणारी केबल कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. केबलच्या आवरणावर '२८एडब्ल्यूजी' आणि '२४एडब्ल्यूजी' असे दोन आकडे छापलेले असतील तर पहिला डेटाच्या तारांचा आणि दुसरा विजेच्या तारांचा. आकडा लहान तेवढी तार जाड.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. समुद्राकाठच्या दमट हवेत कॅमेऱ्याच्या खाचेतले संपर्कबिंदू काळवंडतात. नवी केबलही चालेनाशी झाली, तर बॅटरी काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या धागे न सोडणाऱ्या काडीने खाच हलक्या हाताने पुसावी, पूर्ण वाळू द्यावी आणि मग पुन्हा पाहावं. पाणी किंवा सुगंधी सॅनिटायझर अजिबात नको.

मग कॅमेऱ्याचा मेनू

'एलएसयूएसबी'मध्ये कॅमेरा दिसतोय, पण 'जीफोटो२ --ऑटो-डिटेक्ट' रिकामी यादी देतं, अशी स्थिती आली तर कॅमेरा चुकीच्या मोडमध्ये आहे. प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी.

कॅननच्या वाय-फाय असलेल्या ६डी, ७०डी यांसारख्या मॉडेलमध्ये वाय-फाय चालू असेल तर यूएसबी बंद राहतं. मेनूत वाय-फाय 'डिसेबल' केलं की प्रश्न सुटतो. आर५०, आर८ अशा नव्या मॉडेलमध्ये 'यूएसबी कनेक्शन ॲप' निवडायला मिळतं. तिथे 'फोटो इम्पोर्ट / रिमोट कंट्रोल' हवं. चुकून 'व्हिडिओ कॉल / स्ट्रीमिंग' निवडलेलं राहिलं तर कॅमेरा संगणकाला वेबकॅम म्हणून भेटतो आणि जीफोटो२ला त्यात फोटो सापडत नाहीत.

सोनीत 'यूएसबी कनेक्शन'खाली मास स्टोरेज, एमटीपी (पीटीपीचंच वाढवलेलं रूप) आणि पीसी रिमोट असे पर्याय असतात. फोटो उतरवायला मास स्टोरेज किंवा एमटीपी, कॅमेरा चालवायला पीसी रिमोट. पीसी रिमोटमध्ये कार्डावरचे जुने फोटो दिसत नाहीत, आणि याच कारणाने 'जीफोटो२ चालतं पण फाइली शून्य' अशी तक्रार येते. तो बिघाड नाही, त्या मोडची मर्यादा आहे. मास स्टोरेजमध्ये कॅमेरा पेनड्राइव्हसारखा दिसतो, तिथे जीफोटो२ची गरजच नाही. तरीही जोडणी लटकत असेल तर 'यूएसबी एलयूएन सेटिंग' 'मल्टी'वरून 'सिंगल' करून पाहावं.

फुजीफिल्ममध्ये 'यूएसबी कार्ड रीडर' आणि 'टेदर शूटिंग' (कॅमेरा संगणकाला बांधून फोटो काढणं, म्हणजेच टेदरिंग) वेगळे आहेत. काम पाहून निवडावं. पॅनासॉनिकमध्ये 'पीसी (स्टोरेज)' की 'पीसी (टेदर)' हे ठरवायचं. निकॉनच्या डी७०, डी४० यांसारख्या जुन्या कॅमेऱ्यांत मास स्टोरेज आणि पीटीपी असा पर्याय सेटअप मेनूत आहे. नव्यांत तो नाही, थेट पीटीपीच चालतं. काही कॉम्पॅक्ट कॅमेरे फोटो पाहण्याच्या मोडमध्ये असल्याशिवाय संगणकाशी बोलतच नाहीत.

'ऑटो पॉवर ऑफ' बंद ठेवा आणि बॅटरी निदान निम्मी भरलेली असू द्या. फाइली उतरताना कॅमेरा झोपला तर जीफोटो२ तिथेच थांबतं, आणि त्या क्षणी उतरणारी फाइल अर्धवट राहू शकते.

'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी'

सर्वांत जास्त लोक इथे अडकतात, म्हणून थोडं सविस्तर. 'ऑटो-डिटेक्ट' कॅमेऱ्याचं नाव अचूक दाखवतं, पण 'जीफोटो२ --समरी' दिलं की 'कुड नॉट क्लेम द यूएसबी डिव्हाइस' असा संदेश आणि उणे ५३. संदेशातच 'जीव्हीएफएस-जीफोटो२-व्हॉल्यूम-मॉनिटर' हे नाव दिलेलं असतं. पण तो लांबलचक आहे आणि पुढे जुन्या कर्नल मॉड्यूलची नावं आहेत, त्यामुळे लोक त्या मॉड्यूलच्या मागे लागतात. आजच्या संगणकावर त्यांचा काही संबंध नसतो.

होतं असं. ग्नोम, सिनॅमन, मॅटे अशा डेस्कटॉपमध्ये कॅमेरा जोडताच जीव्हीएफएस नावाची यंत्रणा तो आपणहून माउंट करते, म्हणजे फाइल मॅनेजरमध्ये उघडण्यासाठी ताब्यात घेते. पीटीपीची जोडणी एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळते. पेनड्राइव्हवरची फाइल चार प्रोग्राम एकदम वाचू शकतात, कारण मधे कर्नल असतो. कॅमेऱ्याशी मात्र प्रोग्राम स्वतः थेट बोलतो. त्यामुळे जीव्हीएफएसने धरलेला कॅमेरा जीफोटो२, डार्कटेबल किंवा एंटँगल यांच्या हाती लागत नाही.

सर्वांत साधा उपाय: फाइल मॅनेजरमध्ये कॅमेऱ्याच्या नावाशेजारचं 'अनमाउंट' चिन्ह दाबा आणि केबल न काढता जीफोटो२ चालवा. टर्मिनलमधून हेच 'जीआयओ माउंट -एस जीफोटो२' या कमांडने होतं. नावात माउंट असलं तरी 'एस'सह ती अनमाउंट करते. रोज टेदरिंग करणाऱ्यांनी 'सिस्टमसीटीएल --यूझर मास्क' पुढे 'जीव्हीएफएस-जीफोटो२-व्हॉल्यूम-मॉनिटर.सर्व्हिस' असं देऊन ती सेवा कायमची बंद करावी आणि एकदा लॉगआउट करून यावं. हवी तेव्हा 'अनमास्क'ने परत येते. यंत्रणेची फाइल नाव बदलून बाजूला टाकणं किंवा तिची चालवण्याची परवानगी काढणं हे उपाय सांगितले जातात, पण पुढच्या अपडेटला पॅकेज ती फाइल परत आणतं आणि प्रश्न पुन्हा उभा राहतो. 'मास्क' टिकतं.

'किलऑल'ने ती प्रक्रिया मारणं हा तात्पुरता इलाज. चालतो, पण केबल पुन्हा लावली की प्रक्रिया परत उठते, आणि ऐन शूटमध्ये तेच होतं.

कॅमेरा नेमका कुणी धरलाय हे पाहायचं असेल तर 'एलएसयूएसबी -टी' द्या. कॅमेऱ्याच्या ओळीत 'ड्रायव्हर=यूएसबीएफएस' दिसलं, तर कुठला तरी प्रोग्राम त्याच्याशी बोलतोय. मग 'एलएसओएफ'ला त्या यूएसबी उपकरणाचा मार्ग दिला, म्हणजे डेव्ह, बस, यूएसबी या फोल्डरांतून पुढे बसचा आणि उपकरणाचा क्रमांक, की प्रक्रियेचं नाव मिळतं. उघडं राहिलेलं डार्कटेबल, मागे चालू असलेलं डिजिकॅम, केडीईतली डॉल्फिनची खिडकी, सगळे इथे पकडले जातात. याच 'एलएसयूएसबी -टी'मध्ये वेगही दिसतो: ४८०एम म्हणजे यूएसबी २, ५०००एम म्हणजे यूएसबी ३. यूएसबी ३चा कॅमेरा ४८०एमवर दिसत असेल तर केबल किंवा पोर्ट यूएसबी २चं आहे.

एक लक्षात ठेवा: उपकरणाचा क्रमांक प्रत्येक वेळी बदलतो. आज ००१,००७ असेल तर केबल काढून लावल्यावर ००१,००८ होईल. स्क्रिप्टमध्ये तो पक्का लिहून ठेवला की दुसऱ्या दिवशी उणे ५२ येणारच. दोन कॅमेरे एकदम चालवायचे असतील तर '--पोर्ट' द्यावाच लागतो. अशा वेळी स्क्रिप्टने आधी 'ऑटो-डिटेक्ट' करून क्रमांक वाचावा.

परवानगी, आणि सुडोचा मोह

'सुडो' लावून, म्हणजे प्रशासकाच्या (रूटच्या) अधिकाराने जीफोटो२ चालतं, नुसतं चालत नाही, अशी स्थिती असेल तर यूडेव्हच्या, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची व्यवस्था पाहणाऱ्या यंत्रणेच्या नियमांत गडबड आहे. इथे सुडोने काम उरकण्याचा मोह टाळा. उतरलेल्या सगळ्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात, आणि डार्कटेबलला त्यांच्याशेजारी आपली साइडकार फाइल (फोटोवर केलेल्या बदलांची नोंद) लिहिता येत नाही.

आजच्या डिस्ट्रोंमध्ये समोर बसून लॉगिन केलेल्या व्यक्तीला कॅमेऱ्याची परवानगी आपोआप मिळते. यूडेव्ह कॅमेऱ्यावर 'यूॲक्सेस' ही खूण लावतं आणि सिस्टमडी त्या व्यक्तीच्या नावे परवानगी जोडतं. 'गेटएफएसीएल'ला त्याच उपकरणाचा मार्ग दिला की आपलं नाव दिसायला हवं. दिसत नसेल तर लिबजीफोटो२चं पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करून संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. नियमांच्या फाइली परत येतात. लायब्ररी स्वतः सोर्समधून बांधली असेल तर नियम स्वतःच बनवावे लागतात. त्यासाठी लायब्ररीसोबत 'प्रिंट-कॅमेरा-लिस्ट' हे साधन येतं.

एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून दूरच्या संगणकावर लॉगिन करून कॅमेरा चालवणाऱ्यांना मात्र ही सोय लागू होत नाही, कारण ते समोर बसलेले नसतात. रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाला कॅमेरा लावून गच्चीवरून टाइमलॅप्स घेणाऱ्यांना हे हमखास अडवतं. त्यांनी एका ग्रुपला परवानगी देणारा यूडेव्हचा नियम लिहून स्वतःला त्या ग्रुपमध्ये घालावं. डेबियन कुळात 'प्लगडेव्ह' हा ग्रुप त्यासाठी सोयीचा आहे.

लॅपटॉपवर टीएलपी हा बॅटरी वाचवणारा प्रोग्राम असेल आणि कॅमेरा थोड्या वेळाने आपोआप तुटत असेल, तर टीएलपीच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी डिनायलिस्ट'मध्ये कॅमेऱ्याचा क्रमांक घाला. वीज वाचवण्यासाठी यूएसबी उपकरणं झोपवली जातात, ते थांबतं. फ्लॅटपॅकमधून, म्हणजे बाकी संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या पॅकेजच्या रूपात घेतलेल्या प्रोग्रामला कॅमेरा दिसत नसेल, पण टर्मिनलमधल्या जीफोटो२ला दिसत असेल, तर त्या फ्लॅटपॅकला उपकरणांची परवानगी नाही. फ्लॅटसील हा परवानग्या बदलण्याचा प्रोग्राम उघडून ती द्या.

टेदरिंग: इथे जीफोटो२ खरं शोभतं

सगळं जुळलं की हे साधन काय करतं ते पाहण्यासारखं आहे. 'जीफोटो२ --कॅप्चर-टेदर्ड' दिलं की कॅमेऱ्याचं शटर दाबताच फोटो चालू फोल्डरमध्ये येऊन पडतो. 'हूक-स्क्रिप्ट'ने प्रत्येक नव्या फोटोवर आपलं काम चालवता येतं: नाव बदलणं, मोठ्या पडद्यावर दाखवणं, दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवणं. 'लिस्ट-कॉन्फिग' कॅमेऱ्याची बदलता येणारी सगळी सेटिंग दाखवतं, 'सेट-कॉन्फिग'ने ती बदलता येतात. दागिने, पुस्तकांची मुखपृष्ठं, जुनी कागदपत्रं असं एकाच चौकटीत शेकडो वस्तूंचं काम असेल तर याच्याइतकं शिस्तीत चालणारं दुसरं मोफत साधन नाही. ज्यांना टर्मिनल नको त्यांनी एंटँगल किंवा डार्कटेबलची टेदरिंगची खिडकी घ्यावी.

पण एक सेटिंग आधी पाहाच. संगणकावरून शटर दाबताना 'कॅप्चरटार्गेट' बहुतेकदा कॅमेऱ्याच्या आतल्या मेमरीवर असतं, कार्डावर नाही. म्हणजे फोटो कार्डावर लिहिला जात नाही, थेट संगणकात येतो. मधे केबल निसटली तर तो फोटो कुठेच राहत नाही. 'जीफोटो२ --गेट-कॉन्फिग कॅप्चरटार्गेट' देऊन पर्याय वाचावेत आणि मेमरी कार्डाचा क्रमांक, बहुतेक कॅमेऱ्यांत १, तो निवडावा. उतरवल्यावरही प्रत कार्डावर राहावी म्हणून '--कीप' जोडावं. गिऱ्हाइकाचं काम करणाऱ्याने या दोन गोष्टींशिवाय टेदरिंगला सुरुवात करू नये.

फोटो उतरवायला कार्ड-रीडर

लालबाग ते गिरगाव चौपाटी अशी विसर्जनाची मिरवणूक टिपून आलेल्या माणसाकडे ६४ जीबीचं भरलेलं कार्ड असतं. यूएसबी २च्या कॅमेऱ्यातून ते उतरवायचं तर प्रत्यक्ष वेग सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास, म्हणजे अर्धा तास, तोही कॅमेऱ्याची बॅटरी खात. तेच कार्ड यूएचएस-१ या वेगाच्या प्रकारातलं असेल तर यूएसबी ३च्या रीडरमधून ९० एमबीच्या आसपास वाचलं जातं. बारा-तेरा मिनिटांत काम संपतं. शिवाय कार्डावर हजारो फोटो असले की पीटीपीत प्रत्येक फाइलची माहिती वेगळी विचारावी लागते, त्यामुळे नुसती यादी यायलाच वेळ लागतो. आणि पीटीपीच्या मूळ नियमात फाइलच्या आकाराला ३२ बिटांचीच जागा आहे, म्हणून ४ जीबीहून मोठे व्हिडिओ कधी अडकतात. रीडरला यातलं काहीच आड येत नाही, कारण लिनक्सच्या दृष्टीने तो साधा ड्राइव्ह.

घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. यूएसबी ३ असणं, आणि ते 'एलएसयूएसबी -टी'मध्ये ५०००एम दिसणं. निळं प्लास्टिक पाहून विश्वास ठेवू नये. कार्ड यूएचएस-२चं असेल, म्हणजे मागे पिनांची दुसरी ओळ असेल, तर रीडरही यूएचएस-२चा हवा. नाहीतर कार्ड चालेल, पण यूएचएस-१च्या १०४ एमबीच्या मर्यादेत. तिसरं म्हणजे एसडीएक्ससीचा, म्हणजे ३२ जीबीहून मोठ्या कार्डांचा आधार. जुने, फक्त एसडीएचसी जाणणारे रीडर ६४ जीबीचं कार्ड नीट ओळखत नाहीत. जेनेसिस लॉजिक (०५ई३) किंवा रिअलटेक (०बीडीए) यांची चिप असलेले रीडर लिनक्सवर बिनबोभाट चालतात. दहा तऱ्हांची कार्डं घेणाऱ्या स्वस्त, ढोबळ रीडरपेक्षा फक्त एसडी आणि मायक्रोएसडी घेणारा लहान रीडर बरा. त्याच्या खाचा घट्ट राहतात.

रीडर दिसतो पण कार्ड उघडत नाही, तर बहुधा फाइल सिस्टमचा प्रश्न असतो. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ असतात, ६४ जीबीपासून पुढे एक्सफॅट. लिनक्स कर्नलमध्ये एक्सफॅटचा चांगला ड्रायव्हर २०२० साली ५.७ आवृत्तीत आला. त्याआधीच्या संगणकावर 'एक्सफॅट-फ्यूज' हे पॅकेज टाकावं लागतं. कार्ड उघडतं पण त्यावर काही लिहिता येत नाही, तर कडेची कुलूपपट्टी पाहा. ती सैल झालेली असेल तर रीडरमध्ये सरकवताना खाली घसरते, आणि 'डीमेसेज'मध्ये 'राइट प्रोटेक्ट इज ऑन' असं दिसतं. लॅपटॉपच्या अंगच्या रीडरमध्ये कार्ड 'एसडीए'ऐवजी 'एमएमसीबीएलके०' या नावाने येतं, तिथे शोधा.

उतरवताना फाइल मॅनेजरने ओढून टाकण्यापेक्षा 'आरसिंक -एव्ही' वापरावं आणि संपल्यावर तीच कमांड '--चेकसम' जोडून पुन्हा द्यावी. प्रत आणि मूळ यांत फरक असलेल्या फाइली ती पुन्हा उतरवते. एकाच वेळी दोन डिस्कवर प्रती हव्या असतील तर रॅपिड फोटो डाउनलोडर घ्यावा. तारखेप्रमाणे फोल्डर पाडण्याचं कामही तो चोख करतो.

दोन्ही प्रती तपासून झाल्यावरच कार्ड पुसावं, आणि तेही संगणकातून नाही, कॅमेऱ्यातल्या 'फॉरमॅट'ने. पुसल्यावर काही राहिलं असं लक्षात आलं, तर कार्ड लगेच कॅमेऱ्यातून काढून कुलूपपट्टी लावावी. 'टेस्टडिस्क' पॅकेजमधला फोटोरेक चालवून सापडलेल्या फाइली संगणकाच्या डिस्कवर घ्याव्यात, त्या कार्डावर पुन्हा काहीही लिहू नये. नव्या फोटोंनी जागा व्यापलेली नसेल तर जेपीईजी आणि रॉ दोन्ही बऱ्याच अंशी परत मिळतात. फाइलींची मूळ नावं मात्र मिळत नाहीत, त्या एक्झिफमधल्या (फोटोतच साठवलेल्या माहितीतल्या) तारखेवरून लावून घ्याव्या लागतात.